पहिल्या बोटाखालचा ङ

९ फेब्रुवारी १९८७
ऑफिसच्या कॉम्प्युटर मशीनवर मराठी आली एकदाची. इतके दिवस शाळांच्या निकालपत्रकांवर मुलांची नावं इंग्रजी अक्षरांत घालत होतो. आज मधुभाऊजींनी हिरव्या पडद्यावर 'कमळ' उमटवून दाखवलं. नवी टंकलेखक मुलगी रंजना टाळ्याच वाजवायला लागली.
आता कोणतं अक्षर कोणत्या कळीवर, ते आपणच ठरवायचं. साहेब म्हणाले, कंपनीची स्वतःची मांडणी झाली तर बाहेरही विकता येईल. म.भा. माझ्याकडे बघत होते. काय विचारणार ते कळलं.
घरी आल्यावर यांची पेटी उघडली. हे गेल्यावर आठ वर्षांनी. कागद तसाच आहे, घडीवर थोडा फाटलेला.

११ फेब्रु.
म.भां.ना कागद दिला. यांच्या हातचा, निळ्या शाईचा. घरच्या टाइपरायटरची अक्षरं यांनी एकेक काढून, झाळून, आपल्या सोयीनं पुन्हा बसवली होती, ती मांडणी. मी, चौथी शिकलेली बाई, त्याच मशीनवर टंकलेखन शिकले. पुढे मशीन विकावी लागली. म.भां.नीच गिऱ्हाईक आणलं होतं.
त्यांनी कागद कपाळाला लावला. सीताबर्डीच्या दुकानात हे आणि म.भा. भावाभावांसारखे एकाच बाकावर टाइपरायटर दुरुस्त करायचे, ऊर भरून आला असेल त्यांना. म्हणाले, "वहिनी, मशीन सुरू केली की पयले दादाचंच नाव येईन. बघजा तुम्ही."
"लिहून देऊ का?" असंही विचारलं. मी म्हटलं, तुमचा शब्द पुरे.

२ मार्च
मांडणी बसली. मशीनच्या खोलीत चप्पल बाहेर काढून जायचं, आत एसी. तो मशीनसाठी, आपण आपले त्यात. पहिल्याच दिवशी बोटं धावली. विसरली नव्हती.
रंजना कुरकुरते. "काकू, डावा हात लय दुखून राहिला जी. आन् हे उजवं पयलं बोट काय पिकनिकले आलं का? त्याच्याखाली ङ! जन्मात कधी ङ लिहिला का कोणी?"
हसले. मग हसू गेलं.
यांना ते बोट, उजवी तर्जनी, नव्हतं. लहानपणी उमरेडला सायकलच्या चेनमध्ये गेलं. म्हणून त्या जागी ङ आणि ञ, म्हणजे तिकडे जावंच लागू नये. सगळा भार डावीकडे.
आणि माझी बोटं दहा. तरी मी नऊच बोटांनी टाइप करते. आज लक्षात आलं. इतकी वर्षं ते बोट मी वर उचलून धरत आले.
रंजनाला सांगितलं नाही.

२३ मार्च
पडद्यावर फक्त कंपनीचं नाव. म.भा. म्हणाले, "जागाच नाही उरली वहिनी, पुढच्या फ्लॉपीत टाकू." असेल.

१६ एप्रिल
पुण्याची माणसं मांडणी बघायला आली. टाइप करून दाखवायला मला बसवलं. मशीन सुरू झाली, अक्षरं उमटली.
'मांडणी :' आणि पुढे म.भां.चं पूर्ण नाव.
ते माझ्या खुर्चीमागेच उभे होते. "दोन वर्षं अभ्यास केला. कोणतं अक्षर किती वेळा येतं, पानंच्या पानं मोजली." भाषा एकदम पुण्याची.
एका चष्मेवाल्यानं विचारलं, इतक्या मोक्याच्या जागी ङ कसा? म.भा. म्हणाले, "त्याला शास्त्रीय कारण आहे. त्या बोटाला विश्रांती द्यावी लागते." चष्मेवाल्यानं लिहूनही घेतलं.
 दिलेला मजकूर टाइप करत राहिले. एक चूक झाली नाही. त्याचाच राग येतो आहे.

१७ एप्रिल
विचारलं. जिन्यात गाठून.
"वहिनी, गेलेल्या माणसाचं नाव टाकलं तं गिऱ्हाईक विचारन, उद्या दुरुस्ती कोण करणार?"
"शब्द दिला होता तुम्ही."
"दादा काय आता पाहाले येणार आहे?"
"मी बघते ना."
"तुम्ही काहून एवढं मनाले लावून घेता जी? घरचाच तं आहो मी."
कागद परत मागितला. म्हणाले, कुठंतरी असन, शोधून देतो.
घरचाच आहे म्हणून तर दिला.

२ मे
पुण्याहून पत्र. तिथल्या टंकलेखक मुलींचे डावे हात भरून येतात, वेग पडतो. दुरुस्ती करा, नाहीतर करार नाही. करार गेला तर नव्या मुलींना आधी काढतील, म्हणजे रंजनाला. तिच्या मनगटाला आत्ताच पट्टी आहे.
म.भां.ना टाइप करता येत नाही. साहेबांना हे आज कळलं. मला म्हणाले, "काकू, बघता का जरा?"

५ मे
बघितलं. अर्ध्या तासात झालं. पहिल्या बोटाला र आणि क दिले, डावीकडचं ओझं वाटून टाकलं. पेन्सिलीनं कळा काढून रंजनापुढे ठेवल्या. ती कागदावरच बोटं नाचवत म्हणाली, "अगं माय! काकू, हे तं पळते जी!"
पळते खरी. चांगली झाली आहे. आणि यांची राहिलेली नाही.
दिली तर वर म.भां.चंच नाव.

७ मे
साहेबांना सगळं सांगितलं, म.भां.च्या समोर. कागद कुणाचा, बोट कसं गेलं, ङ तिथे का. साहेब ऐकून घेत होते. मग म.भां.कडे वळले.
वाटलं, नाकारतील. नाकारलं नाही.
"खरं आहे साहेब. दादाले ते बोट नव्हतंच. म्हणून तं मी त्याच्यासाठी मांडणी बनवून देली. कागदावर उतरवून घेतली त्यानं, एवढंच." डोळ्यांत पाणी. "वहिनीले वाटते त्याचीच होती. मी कधी बोललो नाही."
साहेब मला म्हणाले, "काकू, तुमच्याकडे काही आहे का दाखवायला?"
काय आहे? कागद त्यांच्याकडे, मशीन त्यांनी विकलेली.
साहेबांना पुढे म्हटलं, नवी मांडणी तयार आहे, पण मूळ कुणाची आणि दुरुस्ती कुणाची, दोन्ही नावं येतील तर देईन. "विचार करू" म्हणाले. सोमवारपर्यंत नव्या मांडणीचा कागद मात्र हवा.

८ मे
दिवसभर तेच. खरंच म.भां.नी केली असेल तर? दोघं एकाच बाकावर. हे कधी "मी केली" असं म्हणाले होते का? आठवेना. आपण धरून चाललो.
मग आठवलं. रविवारी वर्तमानपत्र पसरून मला बसवायचे. "क मोज. आता ङ मोज." मला वाटायचं, भराभर वाचायला शिकवतात. शिकवतही होते. बोट ठेवून ठेवून मी मोजायची आणि हे लिहून घ्यायचे. अख्ख्या पानात ङ एकही सापडला नाही की हसायचे.
मोजलं मी होतं. मोजलेल्याचा पुरावा काय दाखवणार?
यांचं जाणं मी सोसलं. म.भां.नी यांच्या गेलेल्या बोटालाच साक्षीला उभं केलं, ते कुठे ठेवू?

१० मे, रविवार
दुपारचे दोन. म.भा. आले आहेत. दोनदा कडी वाजवली. "वहिनी, झाला का कागद?" मी कडी काढली नाही. गेले नाहीत, जिन्यावर बसले आहेत. इथून चप्पल दिसते.
पेन्सिलीचा कागद मांडीवर. रंजनासाठी द्यायला हवा. रंजनासाठी द्यायला हवा हे त्यांनाही ठाऊक, म्हणून बसले आहेत.
बाहेर ऊन आग ओकतं आहे. खोकले आत्ता. यांच्या आजारपणात हा माणूस दोन महिने डबा घेऊन यायचा, तेही खोटं नाही.
गडू भरून ठेवला आहे. दार उघडलं तर पाणी द्यावंच लागेल. आणि पाणी दिलं की ते पुन्हा वहिनी म्हणतील.