तिसऱ्याची पाटी

४ मार्च, सोमवार

नोकरी लागली! प्राणिसंग्रहालयात, तीही पांढऱ्या सिंहांकडे. कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी यावं बघायला. विशेषतः तिने. "तुझं कशातच मन टिकत नाही," मला सोडून जाताना म्हणाली होती. इथले जुने राखणदार, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांनी काम शिकवलं. सिंह आतल्या खोलीत गेला की दाराजवळची त्याची लाकडी पाटी उलटी करायची. दोन सिंह, दोन पाट्या. दोन्ही उलट्या असतील तरच मैदानात झाडायला शिरायचं. फाटकावर हा भलामोठा फलक: 'आफ्रिकेतला सिंह वाचवूया.' छाती फुगली.

८ मार्च

मांसाचे वाटे मात्र तीन निघतात. विचारलं तर मामा म्हणाले, "कॉलेज सोडलंस ना बाबा? मग गणित कशाला करतोस?"

१३ मार्च

तिसरा पाहिला. मागच्या पिंजऱ्यात. पांढराच, पण जबडा वाकडा, दोन्ही डोळे जन्मापासून गेलेले. आवाज फुटतच नाही, नुसते कान फिरवतो. आमची जोडी म्हणजे सख्खे बहीणभाऊ. रंग हवा म्हणून घरातल्या घरात जुळवलेली. हा त्यांचाच छावा. पाटी नाही, कारण कागदावर तो नाहीच. तिकडे जंगलात सिंह संपत चाललेत आणि इथे फलक लावून हे धंदे! साहेबांशी कडाकडा भांडलो. म्हणाले, लोक रंग बघायला येतात. मामा खाली मान घालून उभे.

१६ मार्च, शनिवार

ती उद्या येतेय. नवऱ्याला घेऊन. पांढरे सिंह बघायचेत म्हणे. बघच मग. निघताना तिसऱ्याच्या पिंजऱ्याच्या, मैदानात उघडणाऱ्या दाराची कडी काढून आलो. उद्या सगळ्यांनी बघावं.

१७ मार्च, रविवार

केस विंचरत बसलो, उशीर झाला. मामा आधीच आत. दोन्ही पाट्या उलट्या होत्या, त्यांचं बरोबरच होतं. तिसऱ्याची पाटीच नाही —

झुडपाआड खराटा. मामा. हलत नाहीत. मी धावत आत शिरलो, आणि आता तो माझ्या नि दाराच्या मध्ये.

मैदानातल्या बांधीव गुहेच्या कोपऱ्यात लिहितोय. कडी मी काढली. मामांना बोल लावू नका.

लोकांसाठी बाहेरचं फाटक उघडलं. मध्ये जाड काच, पलीकडचं काही ऐकू येत नाही. माणसं टाळ्या वाजवताहेत. खेळ वाटतोय त्यांना. ती — हात हलवतेय मला. हसतेय.

ओरडलो नाही. श्वास धरलाय. तरी सरळ इकडेच — कान —

पेन. पेनची खरखर ऐकतोय तो. एवढंच लिहितो, तिला सांगा की मी