त्याने विमान वर उचललं

सौंसर, दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. तृप्तीताईस,
धाकट्या रोशनचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, मी सोडून. फोनवर सांगण्यासारखं नाही. तुझ्या फोनला तुझ्या सासूबाईंचे कान असतात. म्हणून ही चिठ्ठी पांढुर्ण्याच्या बसवाल्याच्या हाती देऊन राहिलो. वाचून चुलीत घाल.

विमान पडल्याचं तू पेपरात वाचलंच असशील. कॉलेज सोडलेला तरुण मदतीला धावला, असं माझंही छापून आलं. कॉलेज सोडल्याचं काहून छापलं, म्हणून मी त्या वार्ताहराशी भांडून आलो. पण पेपरात नाही ते ऐक. त्या सकाळी मी हवाईपट्टीवर डिंपलला स्कुटी शिकवून राहिलो होतो. कुंपण तुटलेलं, महिना महिना विमान येत नाही. अर्धं सौंसर तिथंच गाडी शिकलं. ती घरी शिवणक्लास सांगून आली होती. ती चालवत होती, मी मागून धरून पळत होतो. आवाज आला तेव्हा विमान समोरून उतरतच होतं. डिंपलला ब्रेक सापडेना. विमान आमच्या डोक्यावरून पुन्हा वर उठलं, मोठा वळसा घालून परत आलं, आणि पट्टीच्या अलीकडेच तुळशीरामकाकांच्या संत्र्याच्या बागेत पडलं. डिंपलला घरी पिटाळून मी धावलो. आत एकटाच होता, शिकाऊ, माझ्याच वयाचा. माझ्या मांडीवर गेला, ताई.

चौकशीवाल्यांनी विचारलं, पट्टीवर कोणी होतं का. चौकीदार म्हणाला, चिटपाखरू नव्हतं. मीही त्याच्या हो ला हो केलं. आता जो तो म्हणतो, पोट्ट्याला उतरवताच आलं नाही. त्याचे वडील अकोल्याहून आले होते. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, तुम्ही होते म्हणून तो एकटा गेला नाही. आणि काल डिंपलच्या बाबांनी, केशवरावांनी, मला चहाला बोलावलं! दिवाळीत ह्याच माणसाने मला फाटकातून हाकललं होतं. म्हणाले, पोरगा कामाचा निघाला. खरं बोललो तर डिंपलचं नाव गावभर होईल आणि ती मला कायमची गेली. नाही बोललो तर मेलेला पोरगा दोषी ठरून राहिला. मी काय करू?

रागावलीस तरी लोभ कमी करू नको.
तुझा रोशन

पांढुर्णा, दि. १२ फेब्रुवारी

चि. रोशन यास,
अ. उ. आ.

चिठ्ठी चुलीत घातली नाही, आमच्याकडे गॅस आहे. तुझं अक्षर पाहून मास्तरांची दया आली.

पहिलं उत्तर मी लिहिलं होतं की गप्प राहा, लग्न होऊन जाऊ दे. खोटं काहून बोलू, माझा भाऊ आहेस तू. मग माझ्या पोराला जेवू घालताना त्या पोराची आई मनात आली. पोर गेलं, वरून चूकही त्याच्याच माथी. ते उत्तर फाडलं.

तू डिंपलला वाचवतो म्हणतोस, पण तिला विचारलंस का? नाव तिचं आहे, सांगायचं की नाही हे तिला ठरवू दे. तिनं नाही म्हटलं तर एकटा होतो म्हणून सांग, पण तू जा. आणि तिथं कोणाची कॉलर धरू नको. प्राध्यापकांची धरलीस, त्यानं काय झालं ते आपण पाहून राहिलो.

जेवत जा. आईला यातलं मी बोलणार नाही.
तुझी ताई

सौंसर, दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

डिंपलला विचारलं तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, हँडल माझ्या हातात होतं, तू कोण माझ्या वाट्याचं सांगणारा? त्याच रात्री तिनं जेवणाच्या ताटावर बापाला सगळं सांगून टाकलं. सकाळी मी चौकशीवाले उतरलेत त्या रेस्ट हाउसवर गेलो, तर केशवराव स्वतः तिला घेऊन तिथं बसलेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेबांनी दोघांचं लिहून घेतलं. खडसावलं पण चांगलं. मी खाली मान घालून ऐकलं, खरंच. विमान पडलं काहून, ते कळायला महिने लागतील म्हणाले. पण पहिल्यांदा वर उचललं ते त्यानं बरोबरच केलं, खाली दोन माणसं होती, हे कागदावर येईल.

बाहेर आल्यावर केशवराव म्हणाले, दोन वर्षं दारात दिसायचं नाही. डिंपल म्हणते, मोजून दोनच म्हणाले, कायमचं नाही म्हणाले. कॉलेजचा फॉर्मही तिनंच आणून दिला. भरून राहिलो.

मग त्या शिकाऊ पोराच्या वडिलांना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील, द्याव्यात असंही वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं की त्यानं वेळेवर उचललं होतं नं. मी म्हटलं, हो काका, अगदी वेळेवर. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं, त्याच्या आईच्या कानाला फोन लावून.

येत्या रविवारी ते दोघं येऊन राहिले. विमान जिथून वर उठलं ती जागा त्यांना पाहायची आहे. मीच दाखवतो म्हणालो, पण त्या बाईसमोर एकट्यानं उभं राहायची हिंमत नाही माझी. पहिल्या बसनं ये. भाऊजींना काय सांगायचं ते तू पाहून घे.

माया असू दे.
तुझा रोशन