चंद्रशिंपेची जोडी

मद्रास, कार्तिक १९४४

सौ. छबूबाईस गोरक्षचा दूरदेशाहून आशीर्वाद.

इथे मी स्वतःच्या हातांनी खाट केली, खडावा केल्या, शिंपांसाठी काचेच्या झाकणाची पेटीही केली. तब्येत ठीक आहे. तुझा खोकला थांबला का?

सुट्टीवर गावी आलेल्या छगनबरोबर पाठवलेली पांढरी शिंप जपून ठेव. तो तिला कालव म्हणाला असेल, म्हणू दे. कालव खडकाला चिकटून राहतं. ही आपली दोन्ही झाकणं मिटत-उघडत पाण्यातून उडत जाते. बाहेरून गुळगुळीत, आतून रेघा; एक बाजू चंद्रासारखी, दुसरी सूर्यासारखी तांबडी. खुणा माझ्या मीच ताडून पाहिल्या, ही चंद्रशिंपच.

तांबडी बाजू माझ्या उशाशी असते. डोळे मिटले की ती प्रवरेवरून तुझ्याकडे उडत निघते.

रजेचं अजून नक्की नाही. मिळाली की जोडी कोल्हारातच जुळवू. आमच्या गोदीतला साहेब या जोडीचे चाळीस रुपये देत होता. मी नको म्हणालो.