झोळीच्या कडीतून गेलेली केबल

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सुवेग ब्रॉडबँड सेवा,
काळेवाडी कार्यालय.

विषय : झोळीच्या कडीतून ओवलेली इंटरनेटची केबल दुसरीकडून नेऊन मिळणेबाबत.

संदर्भ : 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून दोनदा बंद केलेली अर्जदाराची तक्रार.

महोदय,

अर्जदार तळवड्याच्या एका आयटी कंपनीचे काम घरून करते. ती बाळंतपणाला माहेरी असताना आपले तंत्रज्ञ श्री. कुलदीप यांनी जोडणी दिली व केबल छताच्या एकुलत्या एका कडीतून ओवून राऊटरपर्यंत आणली. तेव्हा कडी रिकामी होती, त्यांचा दोष नाही. आता त्या कडीला सात महिन्यांच्या मुलीची झोळी आहे.

केबलच्या पोटात बारीक तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात व विजेचे ठोके त्यांतून सिग्नल घेऊन धावतात, एवढे अर्जदार कॉलेजात शिकली आहे. मात्र टोकाचा प्लग खाचेत घट्ट हवा. येथे प्लगची क्लिप तुटलेली आहे. झोका दिला की केबल ओढली जाते, प्लग सैल होतो, सिग्नल जातो. झोका थांबवला की सिग्नल येतो आणि मुलगी उठते.

श्री. कुलदीप दोनदा आले. अनोळखी माणूस पाहून मुलीने झोळीत पाठ टेकली नाही. "मग रिकामीच हलवून दाखवा ना, ताई," असे ते म्हणाले, तर सासूबाई सोजरबाई आडव्या आल्या : "रिकामी झोळी हलवत नसतात, दादा. तुमच्या वायरीपायी माझ्या नातीच्या जिवाला काही व्हायला नको." श्री. कुलदीप यांनी झोळीत उशी ठेवण्याचे सुचवले, सासूबाईंनी उशीला नात मानण्यास नकार दिला. अर्जदार पदवीधर आहे, असल्या गोष्टी मानत नाही. तरी तिनेही झोळी हलवली नाही.

आता पुन्हा मीटिंगमधून गायब झाल्यास रोज ऑफिसला यावे लागेल, असे कंपनीने बजावले आहे. मुलगी अजून अंगावर पिते. केबलला ग्राहकाने हात लावू नये ही आपलीच अट, म्हणून अर्जदाराने लावलेला नाही. (एकदा चिकटपट्टी लावली होती. काढली आहे.)

सबब, श्री. कुलदीप यांना दुपारी, मुलीच्या झोपेच्या वेळी पाठवावे. बेल वाजवू नये, चपला जिन्यातच काढाव्यात. झोका त्यांनी स्वतः द्यावा, राऊटरचा दिवा स्वतः पाहावा, आणि खात्री पटल्यावर भिंतीकडेने नवी केबल टाकावी. सासूबाईंची परवानगी आहे. अट एकच : दोरी हातात घेतली की मुलगी गाढ झोपेपर्यंत सोडायची नाही.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,

आपली नम्र,
सौ. अंजली धम्मरत्न ओव्हाळ
काळेवाडी, दि. १२ जून २०२५

सोबत : तुटक्या क्लिपचा फोटो.

ता. क. : तक्रार ऑनलाइनच करावी, असे आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले. मुलगी आत्ताच झोपली आहे, झोका चालू आहे. म्हणून अर्ज कागदावर लिहून, चाकणला शिफ्टला निघालेल्या पतीच्या हाती पाठवत आहे.