बारावी हजेरी

२ जून
निवड झाली! साठाव्या वर्षी व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवणार — मी! तीस वर्षं डोंगरातल्या शाळांत 'धिस इज अ बॉल' घोकून घेतलं, आता परदेश. लेक सायली म्हणते, "आई, या वयात लोक नातवंडं सांभाळतात." सांभाळोत बापडे! आधी तीन आठवडे इथूनच, नाशिकच्या घरातून लॅपटॉपवर वर्ग. मग चोवीसला विमान.

५ जून
पहिला वर्ग. अकरा पोरं, गोड एकेक. हजेरी घेतल्याशिवाय माझं तोंडच उघडत नाही. तिथली वर्गशिक्षिका लिनबाई हसली — आमच्याकडे कोणी घेत नाही म्हणे. मी घेतलीच. अकरा वेळा 'प्रेझेंट, टीचर'. वही मिटणार, तेवढ्यात —
"हजर, बाई."
मराठीत! शेजारचा टीव्ही असेल मेला.

६ जून
आज पुन्हा.

९ जून
आज तिसऱ्या वर्गातही तेच. लिनकडून तिन्ही दिवसांचं रेकॉर्डिंग मागवलं. तो आवाज त्यात नाही. पण मी आहे. अकरा नावं झाल्यावर मान वर करते, हसते, वहीत काहीतरी लिहिते. मला यातलं काही आठवत नाही! वही उघडली. अकरा नावं, आणि खाली कोऱ्या ओळीवर बारावी खूण. तिन्ही दिवस. हात माझाच. भीती वाटतेय.

११ जून
लिहूनच टाकते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
मोहिनी. हरसूलपलीकडच्या शाळेत माझ्या तिसरीत होती. दिवाळी झाली की आई लंकाबाई आणि बाप वाळू तिला घेऊन दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायचे. पट घटला तर शाळा बंद पडेल, म्हणून हेडमास्तर म्हणाले, "तिची हजेरी लावून टाका, बाई." मी लावली. रोज. बागेतून ती हरवली, त्या दिवशीसुद्धा!
पोलिसांनी हजेरीपट पाहिला. मुलगी शाळेत हजर. झालं, शोध सगळा शाळेभोवतीच्या रानात. लंकाबाई ओरडत होती, "पोर आमच्यासंगं होती वो!" अडाणी बाईचं कोण ऐकतं? मी शेजारीच उभी. नोकरी जाईल म्हणून गप्प.
बावीस वर्षं झाली. पोर सापडली नाही. लाज वाटते मला माझी.

१३ जून
मुद्दाम हजेरी टाळली. एकही मूल बोलेना. लिननं त्यांना विचारलं आणि मला सांगितलं, "मुलं म्हणतात, आधी तिचं नाव घ्या."
लॅपटॉप बंद केला.

२० जून
सायली बॅगा भरतेय. जाणं किती सोपं आहे! पण नाही जमत. येत नाही म्हणून कळवलं. परवा सकाळी हरसूलची बस.

२२ जून
लंकाबाईला सगळं सांगितलं. पोलिसांतही लिहून देते म्हटलं. वाटलं, झोडपेल. तिनं मला जवळ बसवलं. मग म्हणाली, "पोर रोज सपनात यायची माझ्या. या म्हयन्यात एकदाबी नाय आली." माझा हात घट्ट धरला. "तुमच्याकडं हाय ना? घरी धाडा तिला, बाई."