आबांचा आवाज

कसबा बावडा,
२९ ऑक्टोबर १९९८

प्रिय प्रसेनदादा,

जयभीम. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, आबांचा घसा बसलाय, कारखान्याचा भोंगा सुरू झालाय. तू पुण्यात वेळेवर जेवतोस ना?

दिवाळी अंकातली तुझी कथा वाचली. अरे, काय लिहिलंयस! आईच्या लुगड्याला तू 'विटकं' म्हटलं नाहीस, 'धुऊन धुऊन मऊ झालेलं' म्हटलंस. लुगडं तेच, पण विटकं म्हणाला असतास तर वाचणाऱ्याला तिची कीव आली असती. आता तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटतं. माझ्या नववीच्या पोरांना हेच समजावताना माझा तास संपतो, आणि तू एका ओळीत करून मोकळा!

आणि तो आवाज. चार वर्षांपूर्वीच्या कथेत ऊसगाड्यांचे नंबर पुकारणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज तू 'कर्कश' लिहिला होतास. तेव्हापासून आबांनी तुझं नाव काढलं नाही, की तू घराकडे फिरकला नाहीस. या कथेत म्हातारा तोच, गाड्यांचा अड्डा तोच, पण आवाज 'खणखणीत'. मोठे दोन्ही. पण कर्कश म्हटलं की माणूस कान झाकतो, खणखणीत म्हटलं की मान वर करून बघतो. दादा, मला तुझा फार अभिमान वाटला.

काल मी मुद्दाम मोठ्यानं वाचली. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आवाजाचं वाक्य आलं तसे वळले.

"परत वाच की."

वाचलं.

"ह्यो मीच न्हवं?"

"व्हय, आबा."

"बेस लिवलंय पोरानं," म्हणाले, आणि टॉवेलनं डोळे पुसत बसले.

दादा, घसा नुसता बसलेला नाही. गाठ आहे. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. तुला कळवायचं नाही, असं आबांनीच बजावलं होतं. कथा ऐकल्यावर मात्र आपणहून बोलले, "त्येला म्हणावं, शुक्करवारच्या आदी ये. ल्हान हुता तवा चौकातनं हाक मारायचो, तशी एकडाव मारायची हाय."

आता त्यांच्या आवाजाला कोणता शब्द लावायचा, मला सुचत नाही. तू येऊन ऐक, आणि तूच ठरव.

आबांच्या हाकेआधी तुला हाक मारणारी,
श्रुती