कान सोड आणि पत्ते उघड

गुरुवार, बारा तारीख
दुपारचे साडेतीन

चि. मनूस आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तू बरी असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोय मीच ठेवली नाही. सात वर्षांनी पत्र येतंय म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. उलट आनंदाची बातमी आहे. तुझी आई पत्त्यांच्या स्पर्धेत पहिली आली.

हसलीस ना? हस. मी कालपासून हसतेय.

बाळूनं आम्हाला सगळ्यांना समुद्रावर आणलंय, आठ दिवस. हॉटेल चांगलं आहे, चादरी पांढऱ्याशुभ्र, पण कितीही झटका, वाळू काही जात नाही. मला जुळ्यांच्या खोलीत ठेवलंय, म्हणजे नातवंडं मी सांभाळायची आणि बाळू नि सूनबाई पाण्यात. असू दे. पोरं गोड आहेत, मुलगी तर तुझ्यासारखीच नाक फेंदारते.

तर हॉटेलवाले पाहुण्यांसाठी पोकर नावाच्या खेळाची स्पर्धा ठेवतात. सूनबाईनं नाव दिलं होतं, पण उन्हानं तिची पाठ सोलवटली. म्हणाली, "आई, तुम्हीच बसा माझ्या जागी. भरलेली फी परत देत नाहीत."

खेळ सोपा आहे. हातात दोन पत्ते, ते कुणाला दाखवायचे नाहीत. टेबलावर पाच, ते सगळ्यांचे. लावायला प्लास्टिकच्या चकत्या. हात वाईट असला तरी चांगला असल्यासारखं बसायचं. मी म्हटलं, हे तर मला येतं, लग्न झाल्यापासून हेच करतेय.

नऊ जण होते, त्यात बाळूही. दातांचे एक डॉक्टर चांगले पत्ते आले की गुणगुणायचे. एक मुख्याध्यापक बाई थाप मारताना चष्मा पुसायच्या. मी नुसती बघत बसले. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईला बघण्याशिवाय काय येणार? पण एकेक जण उठत गेला आणि शेवटी उरलो मी आणि बाळू.

त्यानं सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. "आई, सोडून दे. माझ्याकडे जबरदस्त पत्ते आहेत." आणि हात गेला उजव्या कानाच्या पाळीला.

हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. चार वर्षांचा असताना साखरेचा डबा सांडून "मांजरानं सांडला" म्हणाला, तेव्हापासून खोटं बोलताना तो पाळी चोळतो. त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"कान सोड बाळू," मी म्हटलं, "आणि पत्ते उघड."

माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी. त्याच्याकडे एक राजा नि एक तिर्री, म्हणजे काहीच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला एक कप दिला, चहाच्या कपाएवढाच, पण चकचकीत. जुळी त्यातून पाणी पितात.

आज जेवताना बाळू भात कालवत होता. मग म्हणाला, "हे कानाचं तुला कधीपासून माहीत आहे?"

"साखरेच्या डब्यापासून."

त्यानं घास खाली ठेवला. "म्हणजे बाबांच्या वेळीसुद्धा?"

मनू, आता ते लिहायलाच हवं. इतका वेळ वाळू नि चादरी लिहीत बसले ती ते टाळायलाच.

तुझे बाबा गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलीस. दारातच म्हणालीस, मला कुणी कळवलंच नाही, बाहेरून कळलं. बाळू म्हणाला, "मी ताईला तीनदा फोन केला, सुट्टी मिळत नाही म्हणाली." त्याचा हात कानावर होता. मला दिसला. दिसला, आणि मी तुला म्हटलं, "बाप गेल्यावर आलीस, आता कशाला?" आणि दार लावून घेतलं. तू दोनदा कडी वाजवलीस. मी आतच उभी होते, कडीला हात लावून. म्हातारपणी मला त्याच्याजवळ राहायचं होतं, एवढंच कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

आज मी त्याला म्हटलं, हो, तेव्हाही माहीत होतं. वाटलं, लाजेल. तो हसला, मनू. खिशातून घराचा कागद काढला. घर अजून माझ्या नावावर आहे. महिनाभर मला सांगत होता, घर दुरुस्तीला काढायचंय, सही कर, दोनच महिने वृद्धाश्रमात राहा, मग परत. दर वेळी हात कानाला. आज लावला नाही. सरळ म्हणाला, "घर विकतोय. तू कायमची तिथंच राहायचंस. तेव्हा सगळं कळत असून माझ्या बाजूनं राहिलीस ना, मग आता काय झालं? कर सही."

सूनबाई पोरांच्या पावाला लोणी लावत राहिली.

मी म्हटलं, "चष्मा वर राहिलाय," आणि जुळ्यांना नि त्याचंच पेन घेऊन वर आले. चष्मा हातातल्या पिशवीतच होता.

तेच पेन हे. छान चालतं. जुळी झोपलीत. बाळू दोनदा दार वाजवून गेला. मी उघडलं नाही.

मला घेऊन जा असं म्हणत नाही. माफी मागायला तोंड नाही. हे पत्र फाडलंस तरी तुझं चुकलं असं मी कुणाला म्हणू देणार नाही. तू चौथीत असताना विसरलेली अक्षरं गिरवून घेत मला सही करायला शिकवलंस, आठ दिवस, चुकलं की ओरडायचीस. तोवर मी सगळीकडे अंगठाच देत होते. त्याच सहीसाठी आता खाली कागद उघडून ठेवलाय.

या पेनानं आज एकच सही होणार आहे, ती ही.

दाराच्या आत उभी असलेली,
तुझी आई